गणिताची निकाली कुस्ती

गुणांवर जिंकलेल्याला आमच्या भागात कुणी जिंकलेला म्हणत नाही. हे मला तरी माहीत असायला हवं होतं. मी निपाणीकडचीच. लहानपणी वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, खांद्यावर बसून जत्रेतली कुस्तीची मैदानं बघितलेली. समोरच्याची पाठ मातीला लागली तर ती कुस्ती. नाही लागली तर दोघं पैलवान अंग झाडत घरी जातात आणि गाव पुढच्या जत्रेपर्यंत भांडत बसतं. पण मधे माझं बी.ए. झालं, डी.एड. झालं आणि असल्या गोष्टी डोक्यात कुठंतरी मागं सरकल्या. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी जिथं तिथं सांगते, इथंही सांगितलं. पहिली आहे ती आहे, त्यात लाजायचं काय?

एका गावच्या सरकारी मराठी शाळेत मी चौथीला शिकवते. बेळगावला ट्रेनिंगला बोलावलं होतं. विषय असा, की गणिताची उजळणी खेळातून कशी घ्यायची. वर्गाचे दोन गट करा, फळ्यावर प्रश्न टाका, आधी हात वर करील त्याला विचारा, बरोबर आलं की गुण द्या, शेवटी टाळ्या. आधी आम्हा शिक्षकांनाच खेळायला लावलं. बेळगावातल्याच खासबागच्या एका सरांना मी अपूर्णांकात गार केलं. ते बिचारे चहाच्या वेळेला माझ्याकडं बघेनात. येताना बसमध्ये मी ठरवूनच टाकलं, की हे आपल्या वर्गात झालंच पाहिजे.

आता वर्गात होतं काय, तर पाढे. रोज शेवटच्या तासाला सगळी शाळा छप्पर उडेल अशी पाढे म्हणते. त्या ओरडण्यात कुणाला येतंय आणि कोण नुसतं तोंड हलवतंय हे देवाला तरी कळत असेल का, शंकाच आहे. एकट्याला उभं करून ‘सात आठे किती’ म्हटलं, की गाडी सात एकेपासून सुटणार, प्रत्येक स्टेशन घेणार, आणि मधे कुणी शिंकलं की परत पहिल्या स्टेशनावर. मला ही गाडी थांबवायची होती. त्यासाठी आठवड्यातून एक तास पाहिजे होता. एकच.

तास द्यायचा आमच्या मुख्याध्यापिकेनं. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या चिकोडीकडच्या, सगळं शिक्षण कन्नडातून. मराठी मागाहून पुस्तकातनं शिकल्या, म्हणून आमच्या सगळ्यांपेक्षा शुद्ध बोलतात. साडीला खळ, केसाला तेल आणि तोंडात एक शब्द, शिस्त.

“बाई, खेळ मैदानावर असतो. वर्गात अभ्यास असतो,” त्या म्हणाल्या.

मी सोडलं नाही. दोन दिवस ऑफिसच्या दारात उभी राहिले. शेवटी त्या म्हणाल्या, “येत्या शनिवारी अध्यक्षांच्या समोर करून दाखवा. शिस्तीत झालं, तर दर शनिवारचा शेवटचा तास तुमचा. गोंधळ झाला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

अध्यक्ष म्हणजे शाळेच्या पालक समितीचे. माणूस भला, पण तासाचा निकाल मोठ्या बाईंच्याच हातात.

बुधवारी मी वर्गात रंगीत तालीम घेतली. खालची गल्ली एक गट, वरची गल्ली दुसरा. पोरं काय रंगली म्हणता! शेवटी खालच्या गल्लीचे नऊ, वरच्या गल्लीचे आठ. मी हात वर करून म्हटलं, “खालची गल्ली जिंकली! टाळ्या!”

एक टाळी वाजली नाही. वरच्या गल्लीतला एक जाडजूड पोरगा उठला. ह्याचा काका पैलवान.

“बाई, पाठ कुनाची लागली?”

“पाठ?”

“आमची काय लागली न्हाय. मग आमी हारलो कसं?”

“तुमचा एक गुण कमी आहे रे.”

“पॉइंटवर काय ओ बाई. पॉइंटवर कुनीबी जिकतंय.”

मी मोठ्या आशेनं जिंकलेल्या खालच्या गल्लीकडं बघितलं. त्यांचे चेहरे अजून पडलेले. त्यांच्यातली एक म्हणाली, “त्येंचं खरं हाय बाई. असलं जिकलेलं घरात सांगायलाबी येत न्हाय.”

संध्याकाळी घरी हे आप्पांना सांगितलं. आप्पांची सगळी उमर तंबाखूच्या वखारीत गेली, पण वीस कोसांतलं एक मैदान चुकवलं असेल तर शपथ. भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून त्यांनी ऐकून घेतलं.

“प्वारं बरोबर बोलाल्यात,” ते म्हणाले. “कुस्ती निकाली पायजे. येळ लावायची न्हाय, पाठ लागल्याबिगर सोडायचं न्हाय. अन् जोड वजन बघून लावायचा.”

“आप्पा, गणित आहे ते. गणितात वजन कशाला?”

“इतकंसं प्वार अन् हे एवढं धूड एका मातीत सोडतीस? बी.ए.त ह्येच शिकिवलं व्हय तुला?”

मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी वर्गात गंमत म्हणून हे सांगितलं, आणि तिथंच फसले. पोरं हसली नाहीत. कोर्टात बसल्यासारखी गंभीर झाली. वजन बघून जोड, हे त्यांना इतकं पटलं, की आजवर गणितातलं काहीच त्यांना इतकं पटलं नव्हतं.

मग नियम ठरले. मी नुसती खडू घेऊन उभी. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. आळीपाळीनं एकमेकाला गणित घालायचं. ज्याला उत्तर आलं नाही तो चित. आपणच घातलेल्या गणिताचं उत्तर आपल्यालाच येत नसेल तर घालणारा चित. आणि चित म्हणजे तोंडी चित नाही. जाजमावर खरोखर उताणं झोपायचं, दोन्ही खांदे टेकवायचे.

“झोपायचं कशाला?” मी म्हटलं.

“मग बघणाऱ्याला कळनार कसं, बाई?”

मी फळ्यावर लिहिलं, ‘झोपायचं’.

वजनाला शाळेच्या स्वयंपाकघरातला काटा आणला. स्वयंपाक करणारी मावशी आडवी आली. “ह्यो तांदळाचा काटा हाय, प्वारांचा न्हाय.” मग थोडं थांबून, “चढायचंच असलं तर चपला काढून चढा.” पाच मिनिटांत तीच काट्याशी बसून पुकारा करत होती, “पंचवीस वर काय तरी! फुडं चला!” पैलवानाच्या पुतण्याला एक ठराविक, नवाचा पाढा न येणारा जोड पाहिजे होता. तो जोड भरला अर्धा किलो जड. हा पठ्ठ्या नळाला तोंड लावून पाणी ढोसून आला आणि पुन्हा काट्यावर चढला.

सगळ्यांचे जोड लागले. राहिली एक मुलगी. वर्गात सगळ्यात हलकी, अठरा किलोची. तिच्या वजनाचं दुसरं कुणी नाही. पाढे म्हणताना ती नेहमी गप्प असते, म्हणून मला वाटायचं, हिला येत नसणार. “तुला जोड न्हाय गं,” पोरांनी सांगितलं. ती “बरं” म्हणाली आणि जाऊन बसली.

शनिवारी सकाळची शाळा. बसमधनं उतरले तर शाळेच्या फाटकाला भज्यांची गाडी लागलेली. मला वाटलं, गावात कुणाचं लग्न असेल. पुढं आले तर हलगी. फाटकातून आत बघितलं तर पटांगणात फेटे बांधलेली माणसं मांडी घालून बसलेली, आणि त्यांच्या पुढं, गुलाबी फेट्यात, माझे आप्पा.

“आप्पा! तुम्ही इथं काय कराल्यासा?”

“चार माणसास्नी सांगिटलतं फकस्त.”

“काय सांगितलं?”

“शाळंत मैदान हाय म्हनून.”

“आणि गणिताचं?”

आप्पांनी फेट्याचा शेमला जरा नीट केला. “ते ऱ्हायलं बग सांगायचं.”

तेवढ्यात एक म्हातारा वस्ताद, कान मोडलेला, काठी टेकत मोठ्या बाईंच्या समोर गेला. “कुस्तीचा हौदा कुठं खणलाय, बाई?”

“येथे गणिताची उजळणी आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“असं व्हय? ते आदी उरकून घ्या मग. मी बसतो.” आणि बसला.

मोठ्या बाईंनी माझ्याकडं बघितलं. एकच शब्द बोलल्या. कोणता ते सांगायला नको. अध्यक्ष त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले, तेही फेटा बांधून. मला वाटलं, हलगीवाल्याला घरी पाठवावं, पण तो मला विचारत होता, “बाई, पैला जोड कुठला?”

व्हरांड्यात जाजम घातलं. आप्पांना माईक लागत नाही. त्यांनी पुकारा केला, “खालची गल्ली इरुद्द वरची गल्ली! निकाली! दम हाय तेवढं खेळा रं!” आणि सुरू झालं.

पोरं खरंच चांगली खेळत होती, हे मी आधी सांगते, कारण पुढचं ऐकून कुणी म्हणेल नुसता तमाशा होता. सात आठे विचारलं की छप्पन्न येत होतं, मधली स्टेशनं न घेता. पण बघणारी माणसं! “आरं नवाचा पाडा घाल त्येला, नवात कच्चा हाय त्यो!” “वजाबाकीत धर! हातच्यात धर!” एक आई पदर खोचून पुढं आली, “सकाळी चुलीम्होरं म्हटलास की रं मुडद्या, आता काय झालं?” पैलवानाच्या पुतण्यानं एवढं पाणी पिऊन मिळवलेल्या जोडानं त्याला भागाकारात चित केला. तो जाजमावर उताणा पडला आणि वाद घालायला लागला, “माजा डावा खांदा टेकला न्हाय!” मग एका पोरानं फूटपट्टी आणून खांद्याखाली सारून बघितली. पट्टी आत गेली नाही. टेकला होता. तेव्हापासून प्रत्येक चित झालेल्याला पट्टी लावून तपासायचं ठरलं.

पुढचा जोड दोघं मावसभाऊ. एक म्हणतो, “दोन दुने?” दुसरा म्हणतो, “चार. दोन त्रिक?” “सा. दोन चोक?” असं चाललंय, दोघंही एकमेकाला जपताहेत. पटांगणातनं आरडा झाला, “नुरा! नुरा!” नुरा म्हणजे ठरवून केलेली कुस्ती. अध्यक्ष खुर्चीवरनं उठले आणि भर व्हरांड्यात बोट नाचवून म्हणाले, “सरळ खेळा, न्हायतर दोघांस्नीबी खाली उतरवीन!” हलगी तापली. भजी व्हरांड्यापर्यंत आली. तिसरीची पोरं खिडकीच्या गजांना लोंबकळत होती.

मी मोठ्या बाईंकडं बघायचंच टाळत होते. शेवटी बघितलं. त्या उठत होत्या. मला कळलं, आता त्या म्हणणार, बाई, हे बंद करा. माझा शनिवार गेला.

तेवढ्यात आप्पांनी पुकारा केला, “एक जोड ऱ्हायलाय! अठरा किलू! वजनाची अट सोडली! हाय का कोन देनार?”

ती हलकी मुलगी उठली. जोड न मिळालेला पैलवान मैदानात फिरून जोड मागतो, तशी ती जाजमाच्या कडेनं फिरायला लागली. चौथीतलं कुणी पुढं येईना. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं चौघांना चित केलं होतं, हे मला मागनं कळलं. पाचवीतल्या एका मोठ्या पोरावर सगळ्यांची नजर गेली, तर तो पाणी प्यायला निघून गेला. फिरत फिरत मुलगी मोठ्या बाईंच्या खुर्चीपुढं थांबली. शड्डू ठोकला. चिमणीएवढी मांडी, आवाज तो कितीसा, टिचकी वाजवल्यासारखा.

“मोठ्या बाई, तुमी येता?”

हलगी थांबली. भजी तळायचा आवाज ऐकू यायला लागला.

म्हातारा वस्ताद काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, “मागिटलेला जोड दिला न्हाय तर म्हागार घेतली असं धरत्यात बरं का, बाई. नियम हाय.”

नियम म्हटल्यावर मोठ्या बाई थबकल्या. चष्मा काढला, पदराच्या टोकानं पुसला, परत घातला.

“वजन?” त्यांनी विचारलं.

“काटा पन्नासपत्तरच हाय बाई,” मावशी आतनं म्हणाली.

“वजनाची अट सोडली!” आप्पा घाईघाईनं ओरडले.

मोठ्या बाई जाजमावर आल्या. चपला काढून, जोडीनं नीट ठेवून आल्या. पंच मी.

“आठ नव्वे?” त्यांनी घातलं.

“बहात्तर,” मुलगी म्हणाली. “शंभरातनं सदतीस?”

“अरवत्तमूरु,” मोठ्या बाईंच्या तोंडून निघून गेलं. घाईत मनातलं कन्नडच बाहेर आलं.

पटांगणात दोन तट पडले. “मराठीत सांगायला पायजे!” “का ओ? आकडा त्योच की!” अध्यक्ष डोकं खाजवायला लागले. वस्ताद म्हणाला, “डाव कुठल्या तालमीतला का असंना, लागला म्हंजे लागला.” मुलगी एका पायावरनं दुसऱ्या पायावर झाली. “बरोबर हाय की. त्रेसष्ट. फुडं घाला बाई.”

“पाऊण डझन म्हणजे किती?”

“नऊ. सतरा नव्वे?”

मोठ्या बाईंनी डोळे मिटले. ओठ हलायला लागले. मी जवळ होते, मला ऐकू आलं, “हदिनेळोंद्लि हदिनेळु, हदिनेळेरड्लि...” सतराची कन्नड गाडी पहिल्या स्टेशनावरनं निघाली होती. आणि नेमका त्याच वेळी खिडकीतला तिसरीतला एकजण शिंकला.

“एकशे त्रेचाळीस,” मोठ्या बाई म्हणाल्या.

आप्पा माझ्याकडं बघायला लागले. अध्यक्ष माझ्याकडं बघायला लागले. सगळं पटांगण माझ्याकडं. मला हवा असलेला तास ज्यांच्या हातात, त्याच चुकल्या होत्या. पण गणितात मला ते ‘असू दे, चालतंय’ जमत नाही. माझ्या आधी आमच्या घरात कुणी शिकलं असतं, तर कदाचित जमलं असतं.

“चुकलं, बाई,” मी म्हटलं. आणि मुलीला म्हटलं, “तू सांग.”

“एकशे त्रेपन्न.”

मोठ्या बाईंनी बोटांवर पुन्हा मोजलं. “हो,” त्या म्हणाल्या.

आता पुढं काय, हे सगळ्यांना कळत होतं. शेवटी अध्यक्ष चाचरत म्हणाले, “बाईंचं ऱ्हाऊ द्या. मोठ्या हायत त्या.” आप्पाही एकदम मऊ पडले. “व्हय, गुरूची पाठ लावत न्हाईत. बरोबरीत सोडवू.”

“पर मी हारले असते तर झोपले असते की,” मुलगी म्हणाली. ती रडायच्या बेताला आली होती.

“थांबा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “नियम आहे ना?”

“हाय,” वस्ताद म्हणाला.

“मग नियम. बाई, दुसरं जाजम आणा. ह्यावर खडूची भुकटी आहे.”

दुसरं जाजम आलं. मोठ्या बाई आधी बसल्या. निऱ्या सारख्या केल्या, पदर खांद्यावरनं घट्ट ओढला, आणि सावकाश, अगदी शिस्तीत, उताण्या झाल्या. फूटपट्टीवाला पोरगा सवयीनं पुढं आला. मी डोळे वटारले, तो थिजला.

“तपास रे,” जाजमावरनं आवाज आला. “नीट तपास. दोन्ही बाजू.”

त्यानं दोन्ही खांद्यांना पट्टी लावली. “टेकले, बाई.”

अशी हलगी मी जत्रेतही ऐकली नाही. फेटे उडाले. आप्पांनी एका अनोळखी माणसाला मिठी मारली. मुलगी मात्र नाचली बिचली नाही, ती पाया पडायला वाकली. तशी चार बायका एकदम ओरडल्या, “आगं झोपलेल्याच्या पाया पडू नगं! अभद्र हाय!” ती तशीच अर्धी वाकलेली थांबली. मोठ्या बाई उठतील तेव्हा पाया पडायचं, पण त्या उठेनात. वर बघत होत्या.

“अध्यक्ष,” त्या म्हणाल्या, “कौलांतून दोन ठिकाणी उजेड दिसतो आहे. पावसाच्या आधी बघायला हवं.”

“व्हय बाई, बघतो,” अध्यक्ष फेटा सावरत म्हणाले.

मग मोठ्या बाईंनी मान वळवली आणि खालनं माझ्याकडं बघितलं. चष्मा जरा वाकडा झाला होता. “शनिवारचा शेवटचा तास तुमचा. हलगी फाटकाच्या बाहेर. भजी तर बाहेरच. आता मला कोणीतरी हात द्या.”

एका हाताला मी लागले, दुसऱ्या हाताला ती मुलगी. आम्ही ओढत होतो, आणि मोठ्या बाई अर्ध्याच उठल्या असतील नसतील, तेवढ्यात त्यांनी तिला विचारलं, “सतरा आठे?”

“एकशे छत्तीस,” ती ओढता ओढता म्हणाली. “आदी नीट हुबं तर ऱ्हावा बाई, पाया पडायचं हाय.”